तरवडाची माळ, तरवडाची साल

घटाच्या पहिल्या माळेला झेंडू चालत नाही, असा आमच्या घरचा दंडक होता. कुणी घालून दिला कुणास ठाऊक. आईला विचारलं तर ती म्हणायची, "झेंडूला काय, पैसे टाकले की मिळतोय. तरवडाला माळावर जावं लागतंय." फुलापेक्षा त्यामागची पायपीट देवीच्या खात्यावर जमा करायची, असा तिचा हिशेब असावा. सर्वपित्रीला पितरांचं जेवण उरकलं की आम्हा पोरांच्या हातात पिशवी यायची. खिरीनं जड झालेल्या पोटानं आम्ही माळाकडं निघायचो.

आमचं गाव उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून. माळाच्या एका अंगाला रस्त्यावरच्या पाट्या मराठी, दुसऱ्या अंगाला कानडी. तरवड दोन्हीकडं सारखाच, आणि पलीकडचा जास्त फुललाय असं आम्हाला नेहमी वाटायचं. त्यामुळं आमच्या घटाच्या पहिल्या माळेत कर्नाटकाची फुलं किती आणि महाराष्ट्राची किती, याचा निवाडा कुठल्याही आयोगाला करता आला नसता.

झेंडू मुळात मेक्सिकोकडचा. चार-पाचशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आलेला पाहुणा. बांधावरची बिट्टी, म्हणजे पिवळा कण्हेर, हीसुद्धा अमेरिकेकडची. बंगल्यांच्या फाटकावर घंटांसारखी लोंबणारी पिवळी टिकोमाही तिकडचीच. आपल्या सणांतला पिवळा रंग असा बराचसा आयात केलेला आहे. तरवड मात्र इथला. भारताचा कोरडा दक्षिण-पश्चिम भाग, श्रीलंका आणि म्यानमार हे त्याचं घर. आईला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिचा नियम वनस्पतिशास्त्रातही बसला, हा योगायोग.

यंदा पुष्कळ वर्षांनी सर्वपित्री अमावास्येला मी सस्तापूर बंगल्याच्या फाट्यावर उतरलो. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचा हा फाटा. इथून रिक्षा किंवा जीप धरून आत बसवकल्याणला जायचं. मी चालत निघालो. पाऊस उघडून आठवडा झाला असावा. रानात तूर गुडघ्याच्या वर आलेली, सोयाबीन पिवळं पडत चाललेलं. आणि रस्त्याच्या कडेला, जिथं मुरूम उघडा पडलाय आणि नांगर फिरत नाही अशा प्रत्येक तुकड्यावर, तरवड.

तरवडाला झाड म्हणावं की झुडूप, यावर गावाकडं कुणी डोकं लावत नाही. जमीन खडकाळ असेल तर तो कमरेएवढ्यावर थांबतो. थोडी माती लागली आणि कुणी कोयता लावला नाही तर माणसाच्या डोक्यावरून जातो. खोड तपकिरी, फांद्या बारीक आणि चिवट, पानं चिंचेच्या पानांची थोरली बहीण शोभावीत अशी. त्यावर भाद्रपदापासून दिवाळीच्या पुढपर्यंत हळदीनं माखल्यासारखे घोस. पाणी घालणारं कुणी नाही, राखणारं कुणी नाही. शेळी वाटेतला बाभळीचा काटासुद्धा सोडत नाही, पण तरवडाला तोंड लावत नाही. म्हणून चरून चरून बोडक्या झालेल्या माळावर शेवटी दिसतो तो हाच. माळ खराब झाल्याची ती खूण आहे असं एखादा वनाधिकारी म्हणेल आणि त्याचं चुकणार नाही. पण त्या खराब माळाला धरून ठेवणाराही तरवडच असतो.

एका बांधावर एक अज्जी ओटीत फुलं खुडत होती. मी थांबून बघत राहिलो तशी म्हणाली, "काय बघायलाव इतकं? कधी बघितलं न्हाई का फूल?"

"ह्याला तुमच्यात काय म्हणतात अज्जी?"

"तुमच्या मराठीत तरवड. आमच्यात तंगडी. घटाला बी हेच, दिवाळीत पांडवाला बी हेच." आणि मग माझ्या बुटांकडं बघून, "शहरातून आलाव वाटतं."

पांडव म्हणजे शेणाचे पांडव. उत्तर कर्नाटकातल्या कितीतरी घरांत बलिप्रतिपदेला शेणाचे छोटे पांडव करून उंबऱ्याशी, गोठ्यात, परसात मांडतात. त्यांच्या डोक्यात आघाड्याच्या काड्या आणि रानातली पिवळी फुलं खोचतात. आपल्याकडच्या शेणाच्या गवळणींची ही जवळची नातेवाईक मंडळी. कानडीत तरवडाला आणखी एक नाव आहे, होन्नावरिके. होन्नु म्हणजे सोनं. तेलुगूत तो तंगेडू. दखनी बोलणारे तरवर म्हणतात. बसवकल्याणच्या आठवडी बाजारात या चारही भाषांतल्या नावांनी एकच फूल मागता येतं आणि देणाऱ्याला चारही कळतात.

याचं कारण नकाशात आहे. बीदर जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचा. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा त्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठीकडं, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. जहीराबाद आणि नारायणखेड तेलुगूकडं. उरलेला बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद आणि कल्याण हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. कल्याणचं बसवकल्याण झालं तेही त्याच सुमारास. तेव्हापासून एकाच जिल्ह्यातले सोयरे तीन राज्यांच्या एसट्यांनी एकमेकांच्या लग्नाला जातात. सणाच्या दिवसांत मात्र तिन्हीकडची पावलं एकाच झुडपाकडं वळतात. मराठी घरात नवरात्राची माळ, कानडी घरात पांडव आणि तेलुगू घरात बतुकम्मा.

बतुकम्मा बघायची असेल तर बसवकल्याणहून पूर्वेला हुमनाबाद ओलांडून जहीराबादच्या बाजूला जावं. पितळी ताटात फुलांचे थर रचत रचत उतरंडीसारखा मनोरा करतात. खाली तरवड, मग गुनुगू म्हणजे आपला कुरडू, मग झेंडू, शेवंती, भोपळ्याचं फूल. शेंड्यावर हळदीची गौरम्मा. बायका फेर धरून टाळ्या वाजवत गातात आणि नंतर ते ताट तळ्यात सोडतात. हा सण सुरू होतो सर्वपित्री अमावास्येलाच, म्हणजे आमच्या घरी आई आम्हाला माळावर पिटाळायची त्याच संध्याकाळी. २०१४ साली तेलंगण राज्य झालं आणि त्यांनी बतुकम्मेला राज्याच्या सणाचा मान दिला, तंगेडूला राज्यफुलाचा. शेताच्या बांधावर कुणी न लावता उगवणाऱ्या झुडपाला इतका मान देणारं सरकार क्वचितच सापडेल. आपलं राज्यफूल जारूळ. देखणं आहे, वादच नाही. पण धाराशिव-लातूरच्या माळावर किती जणांनी पाहिलंय?

अज्जीनं ओटी सावरली आणि गेली. मी तिथंच एका फांदीपाशी बसलो.

तरवडाचं फूल हातात घेऊन नीट बघितलं तर ते मुळीच साधं नाही. पाच पाकळ्या, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा घेर, कडा चुरगळलेल्या कागदासारख्या, आणि पिवळ्यात नारिंगी शिरा. कळ्या वाटाण्यासारख्या गोल. मध्ये दहा पुंकेसर, पण दहांच्या वाट्याला कामं वेगवेगळी. वरचे तीन नुसते नावाचे, त्यांत पराग धरत नाही. मधले आखूड. सगळ्यात खालचे दोन-तीन लांब, जाड, हत्तीच्या सोंडेसारखे पुढं वाकलेले. स्त्रीकेसरही वाकडा. एका फुलात तो डावीकडं झुकलेला, शेजारच्या फुलात उजवीकडं. एकाच झुडपावर डावरी आणि उजवी फुलं.

या फुलात मध नाही. थेंबभरही नाही. भुंग्याला देण्यासारखं त्याच्याकडं एकच आहे, पराग. आणि तेही कुलपात. बहुतेक फुलांचे परागकोश उभे फाटतात आणि पराग बाहेर सांडतात. तरवडाच्या परागकोशाला फक्त टोकाशी बारीक भोक असतं, मिठाच्या बाटलीसारखं. हलवल्याशिवाय काही पडायचं नाही.

पाचेक मिनिटांत एक भुंगा आला. लाकूड पोखरणारा, काळाभोर, पंखांवर निळी झाक असलेला. येताना त्याचा आवाज नेहमीचाच होता. फुलाच्या मधल्या पुंकेसरांना त्यानं सहा पायांनी मिठी मारली, पंख मिटले आणि एकदम आवाज चढला. पंख बंद, तरी अंगाची थरथर सुरू. मोबाईल टेबलावर व्हायब्रेटवर ठेवला की होतो तसला चिडका, कोरडा आवाज. त्या थरथरीनं परागाची धूळ भोकातून उडाली. मधल्या पुंकेसरांतून निघालेली त्यानं पोटाशी गोळा केली, ती त्याची शिदोरी. आणि त्याच वेळी खालचे लांब पुंकेसर त्याच्या अंगाच्या बाजूला, जिथं त्याचा पाय पोचत नाही तिथं, पराग लावून मोकळे झाले. पुढच्या फुलाचा वाकडा स्त्रीकेसर नेमका तिथंच टेकणार. डावऱ्या फुलाचा पराग उजव्या फुलात जावा अशी ती सोय. मधमाशीला ही थरथर जमत नाही. ती येते, सांडलेलं वेचते, जाते. तरवडाचं खरं गिऱ्हाईक भुंगाच.

तो गेल्यावर फूल जरा खाली झुकून पुन्हा सरळ झालं. माझ्या बाहीवर पिवळी पूड पडली होती.

लिनेअसनं १७५३ साली या झुडपाला नाव दिलं त्यात 'ऑरिक्युलाटा' हा शब्द आहे, म्हणजे कानांचं. सुरुवातीला मला वाटायचं की शेंगांमुळं असेल, कारण तरवडाच्या शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ असतात आणि सुकल्या की वाऱ्यावर खुळखुळतात. पण कान आहेत ते पानाच्या देठाशी. प्रत्येक पानाच्या बुडाला दोन गोलसर पाळ्या फांदीला चिकटून असतात. एकदा दिसल्या की पुढं कधी तरवड ओळखण्यात चूक होत नाही. टाकळा, कासविंदा हे त्याचे भाऊबंद. बहावा जरा लांबचा चुलता. पण हे कान ठसठशीत असतात ते याच्याकडंच.

इथवर फुलाची गोष्ट झाली. फुलाची गोष्ट सांगायला सोपी, कारण ती सगळ्यांना आवडते. सालीची तशी नाही.

इंग्रजांच्या पुस्तकांत तरवडाचं एक टोपणनाव आहे, त्याचा अर्थ होतो कातडं कमावणाऱ्यांचा तरवड. सुक्या सालीच्या वजनात १५ ते २० टक्क्यांच्या आसपास टॅनिन असतं. फांदी दातानं चावली की तोंड कोरडं पडतं, जीभ आखडते, ते हेच. खेड्यातली माणसं त्याच्या काडीचं दातवण करायची ती त्याच तुरटपणासाठी. कच्च्या कातड्यावर हा तुरटपणा असाच काम करतो. कातड्यातल्या धाग्यांना तो घट्ट धरतो, मग ते कुजत नाहीत, आणि ओलं होऊन वाळलं तरी लाकडासारखं कडक होत नाही. कातड्याचं चामडं होतं ते इथं.

काम सोपं नव्हतं. तरवडाच्या दोन-तीन वर्षांच्या फांद्या तोडायच्या, लाकडी मोगरीनं ठेचून साल सोलायची, वाळवायची, कुटायची. कातडं चुन्याच्या कुंडात टाकून केस सुटे करायचे, खरवडायचे, पुन्हा पुन्हा धुवायचे. मग सालीच्या पाण्यात दिवसचे दिवस. आपल्याकडं आणखी एक रीत होती. कातडं पिशवीसारखं शिवून टांगायचं आणि आत साल आणि पाणी भरायचं. पाणी झिरपत झिरपत बाहेर यायचं, खालच्या भांड्यात साठायचं, ते पुन्हा आत ओतायचं. तरवडानं कमावलेलं चामडं फिकट, देखणं निघतं, पण उन्हात लाल पडत जातं. म्हणून शेवटी हिरड्याच्या पाण्याचा हात देत. या सगळ्या काळात वास. त्या वासामुळं कुंडं गावाबाहेर, आणि कुंडांमुळं माणसंही गावाबाहेर.

गंमत म्हणजे, गंमत हा शब्द इथं बरोबर नाही, पण गावाचं पाणी त्याच चामड्यातून वर यायचं. विहिरीवरची मोट चामड्याची. पखाल चामड्याची. बैलाचं जू बांधायची वादी चामड्याची. ढोर समाजानं कातडं कमवायचं, मोट आणि पखाल शिवायची. चांभारानं जोडे करायचे, तुटलं-फाटलं सांधायचं. त्या मोटेच्या पाण्यावर ऊस, भाजी, बागायत. ज्या हातांनी मोट शिवली त्या हातांना त्याच विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

मद्रासकडं तर या सालीवर मोठा व्यापार उभा राहिला. तिकडं तरवड म्हणजे आवारम. एकोणिसाव्या शतकात आवारमच्या सालीनं कमावलेली गाईगुरांची कातडी मद्रास बंदरातून लंडनला जात आणि तिथल्या बाजारात 'ईस्ट इंडिया किप्स' या नावानं विकली जात. मग विसाव्या शतकात दोन गोष्टी झाल्या. दक्षिण आफ्रिकेतून वॅटल नावाच्या झाडाची साल येऊ लागली. हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, आपल्या बाभळीच्या कुळातलं, आणि तिकडं त्याची शेतीच होत होती. दुसरी गोष्ट क्रोमची. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं आठवड्यांऐवजी तासांत कमावून निघतं. माळावर फिरून फांद्या गोळा करणाऱ्याची मजुरी त्यापुढं परवडेना. गावाकडं मोटेच्या जागी इंजिन आलं, मग वीज आली, वादीच्या जागी नायलॉनची दोरी आली. तरवडाची साल फांदीवरच राहू लागली. तरवडासाठी ही सुटकाच म्हणायची.

कमावण्याची जुनी विद्या कुठं टिकली तर कोल्हापुरी चपलेत. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेही महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार असं जोडीनं. पण तिथं मुख्यत्वे बाभळीची साल आणि हिरडा.

हे सगळं बसवकल्याणमध्येच का सांगायचं, तर याच गावात एका चांभाराचं नाव एका गुहेला लागलेलं आहे.

कल्याण ही अकराव्या शतकापासून चालुक्यांची राजधानी. मान्यखेट सोडून ते इथं आले. सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारात कवी बिल्हण होता, विज्ञानेश्वर होता. विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. हिंदू कुटुंबात कुणाचा वाटा कुणाला जातो, हे बंगाल सोडून बहुतेक देशात विसाव्या शतकापर्यंत त्या ग्रंथाच्या आधारानं ठरत होतं. मुंबईच्या हायकोर्टात वकील ज्यावर भांडत तो ग्रंथ या गावात लिहिला गेला. कोण कुणाचा आणि कुणाचं काय, याची इतकी चोख मांडणी जिथं झाली, तिथंच पन्नास-साठ वर्षांत ती मोडायचा घाट घातला गेला.

चालुक्यांचा मांडलिक कलचुरी बिज्जल मंगळवेढ्याचा. आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं मंगळवेढं. बाराव्या शतकाच्या मध्यावर त्यानं कल्याणचं सिंहासन बळकावलं. त्याच्याकडं खजिन्यावर काम करणारे बसवण्णाही मंगळवेढ्याहूनच कल्याणला आले. त्यांच्याभोवती जमलेले शरण, म्हणजे शिवाचे भक्त, कोण होते, ते नुसत्या नावांवरून कळतं. मडिवाळ माचिदेव, म्हणजे धोबी. अंबिगर चौडय्या, नावाडी. नुलिय चंदय्या, दोर वळणारा. समगार हरळय्या, चांभार. डोहर कक्कय्या, ढोर. प्रत्येकाच्या नावाआधी त्याचं काम, आणि ते लपवायचं नाही अशी रीत. महाराष्ट्रातला ढोर समाज आजही कक्कय्यांचं नाव अभिमानानं लावतो. सोलापुरात, धारावीत ते नाव भेटतं.

हरळय्याची कथा इथं पोरासोरांना ठाऊक आहे. रस्त्यात त्यानं बसवण्णांना 'शरणू' म्हणून नमस्कार केला. बसवण्णांनी उलट 'शरणू शरणार्थी' म्हटलं. आपण एकदा वाकलो आणि ते दोनदा वाकले, हे ऋण हरळय्याला सोसेना. त्यानं आणि त्याची बायको कल्याणम्मा हिनं आपापल्या मांडीचं कातडं काढून, कमावून, बसवण्णांसाठी जोडे केले. बसवण्णांनी ते पायात घातले नाहीत, डोक्याला लावले.

मला या कथेतला 'कमावून' हा शब्द नेहमी अडवतो. ऐकणारे मांडीपाशी थांबतात, डोळे पुसतात. पण सोललेलं कातडं तसंच पायात जात नाही. त्या कथेच्या पोटात एक कुंड आहे, साल कुटणं आहे, कित्येक दिवसांची वाट बघणं आहे. हरळय्याच्या कुंडात कुठली साल होती हे सांगणारा शिलालेख नाही. पण या मुलखातल्या माळावर कमावण्याजोगी साल असलेली झाडं मोजकीच. बाभूळ आणि तरवड.

पुढची कथा अशी. हरळय्याचा मुलगा शीलवंत आणि ब्राह्मण घरातून शरण झालेल्या मधुवरसाची मुलगी यांचं लग्न ठरलं. चांभाराचा मुलगा नवरा, ब्राह्मणाची मुलगी नवरी. शास्त्राच्या भाषेत प्रतिलोम, म्हणजे सगळ्यात अक्षम्य प्रकार. बिज्जलानं दोन्ही बापांना हत्तीच्या पायाला बांधून कल्याणच्या रस्त्यांतून फरफटत नेऊन मारलं, असं परंपरा सांगते. ११६७ च्या सुमारास बिज्जलाचाही खून झाला. बसवण्णा कूडलसंगमला गेले होते. शरण वाट फुटेल तिकडं पांगले, काही पार उळवीच्या जंगलापर्यंत. कानडीत यावर नाटकं झाली. गिरीश कार्नाडांचं 'तलेदंड' १९९० चं, मंडल आयोग आणि अयोध्येच्या धामधुमीतलं.

दुपारी मी गावातून फिरलो. किल्ला, त्रिपुरांत तळं, अक्कनागम्माची गवी, हरळय्याची गवी. गवी म्हणजे गुहा. आत गारवा आणि तेलाचा वास. बाहेर १०८ फुटी बसवण्णांचा पुतळा, आणि शरणांच्या सभेच्या आठवणीतला नवा अनुभवमंटप, ज्याची पायाभरणी २०२१ च्या जानेवारीत झाली. गावाभोवतीचा माळ मात्र आक्रसत चाललाय. खांब रोवून, चुन्याच्या रेघा मारून एन.ए. प्लॉट पडलेत. जेसीबी पहिल्या फेरीत उचलतो तो तरवड, कारण तो कुणाचाच नसतो. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा कडेचा तरवड असाच गेला, आणि दुभाजकात शोभेची झाडं लागली. त्यांना टँकरनं पाणी घालतात. दहा फुटांवर, गटाराच्या पलीकडं, पाण्याशिवाय फुललेलं झुडूप उभं असताना.

दुसरीकडं, तरवडाला अचानक भावही आलाय. शहरातल्या दुकानांत त्याच्या सुक्या फुलांचा चहा मिळतो, मधुमेहावर म्हणून. श्रीलंकेत रणवरा नावानं तो पूर्वीपासून पितात. तमिळ सिद्ध वैद्यकात आवारमचं फूल मोठ्या मानाचं. आयुर्वेदात त्याला आवर्तकी म्हणतात. उंदरांवर प्रयोग झालेत. पण गोळी बंद करून चहा प्यायचा सल्ला देणाऱ्यांपासून लांब राहिलेलं बरं. माझ्या एका नातलगानं हा उद्योग केला आणि पाय गमवायची वेळ आली होती.

संध्याकाळी बसस्थानकाबाहेर आलो तेव्हा माझ्याकडं वर्तमानपत्रात गुंडाळलेला तरवडाचा मोठा पुडा होता. एका बुटाचा तळ सुटला होता, माळावरच्या खडकानं. झाडाखाली एक चांभार बसला होता, साठीच्या पुढचा. पुढ्यात ऐरण, रापी, आरी, मेणाचा गोळा, टायरचे तुकडे, आणि चामडं भिजवायला पाण्याचा पत्र्याचा डबा. त्यानं बूट हातात घेतला, वाकवून बघितला.

"चामडं न्हाई हे," तो म्हणाला. "रेक्झिन हाय. शिवतो, पण टिकंल असं सांगत न्हाई."

तो शिवत होता तोवर मी विचारलं, पूर्वी तरवडाची साल वापरायचे ना?

"आज्याच्या टायमाला." त्यानं मान वर केली नाही. "आज्याचे हात कोपरापर्यंत तांबडे असायचे. मेला तरी रंग गेला न्हवता. बापानं कुंड बुजवलं. आता तयार चामडं येतंय, त्ये बी कमीच."

मग मला राहवलं नाही. सकाळपासून डोक्यात जुळवत आणलेलं एक वाक्य होतं ते त्याला ऐकवलं. एकाच तरवडाची फुलं वरच्या आळीतल्या घटावर जात आणि साल तुमच्या कुंडात येई, कसली गंमत बघा, असं काहीसं. ते लेखात कसं दिसेल याचा मी मनात अंदाजही घेतला होता.

त्यानं टाका ओढून दोरा दातानं तोडला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

"आमच्या बी घरी घट बसतोय की सायेब," तो म्हणाला. "फुलं कुणाला बी लागत्यात."

मी पैसे काढले. त्यानं बोट पुड्याकडं केलं. "इतकी न्हेऊन काय करताव? चार दांड्या ठेवा हितं. सकाळपासनं उठता आलं न्हाई, बायको वरडंल."

मी पुडा उघडून निम्मी फुलं काढून दिली. त्यानं चामड्याचे तुकडे बाजूला सारले आणि तरवडाच्या दांड्या त्या डब्यातल्या तांबूस पाण्यात उभ्या केल्या. मग पुढच्या गिऱ्हाइकाची चप्पल उचलली.